कारणाचा रकाना

दर महिन्याच्या तीस तारखेला पुण्याहून तक्ता येतो.
मॉडेल, रंग, किती दिवस उभी,
आणि शेवटी एक रकाना : न विकण्याचे कारण.
रकाना काडेपेटीएवढा.
मी लिहिते, मागणी कमी.
खाली सही, स. न. कोचरेकर, कुडाळ शोरूम.

गाडी पिवळी. माहितीपत्रकात त्या पिवळ्याला
कुठल्याशा परदेशी सरोवराचं नाव दिलंय.
आमचा वॉचमन तिला कावीळ म्हणतो.
दोन माणसांची, बुटकी, चौऱ्याहत्तर लाखांची,
जमिनीपासून पोट अकरा सेंटिमीटर वर.
अकरा सेंटिमीटर म्हणजे, साहेब,
अंड्यांवर बसलेली कोंबडी.
आणि आमच्याकडे प्रत्येक वाडीने
आपापला गतिरोधक घातलाय,
कुठे पोर गेलं म्हणून,
कुठे शेजारच्या वाडीने घातला म्हणून.

पुण्याला वाटतं, इथे पैसा नाही.
हायवेत जमीन गेलेले सातार्डेकर आले होते,
कापडी पिशवीत पासबुकं, सोबत सात माणसं.
सातही जणं गाडीभोवती फिरली,
दारं मोजली, मग सीटा मोजल्या,
आणि सगळ्यांनी एकदम
भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.
दुसरी सीट कुणाची,
हे ठरवायची वेळ त्या घरावर अजून आली नव्हती.
चौऱ्याहत्तर लाख मोजून ती आणायची कशाला?
पांढरी सात आसनी घेऊन गेले.
झेंडूची माळ मीच बांधली.

वेंगुर्ल्याचा ट्रॉलरवाला बस्त्याव
दाराशी उभा राहून म्हणाला,
"बाय, गाडी बरी हा.
पण कुडाळात दातवाल्याकडे उभी केलंय,
तर सांजेक वेंगुर्ल्यात इचारतले,
कितके काढलंस?"

एक मात्र घेईल असं वाटलं होतं.
बांद्याचे इक्बाल पावसकर, बावीस वर्षं कुवेतला.
आत बसले, डोळे मिटले,
इंजिन ऐकत राहिले, गाणं ऐकावं तसं.
मग स्वतःच किल्ली फिरवून बंद केलं.
"तिकडे रस्ता इतका सरळ,
की माणसाला झोप येते.
इथे वळणं आहेत, अगदी हिच्यासाठी केल्यासारखी.
पण वळणापलीकडे एसटी आहे."
चहा न घेता गेले.

आता रोज सकाळी दहा मिनिटं
मी तिचं इंजिन चालू ठेवते, बॅटरी मरू नये म्हणून.
काचेवर मीठ येतं, ते पुसते.
शोरूममागची मांजर
बॉनेट कोमट व्हायची वाट बघत बसते.
तिच्याइतकी नियमाने
या गाडीसाठी दुसरं कुणी येत नाही.

परवा हवा भरायला पंपावर नेली.
पिंगुळीजवळ एका म्हाताऱ्याने हात केला.
पाय आपोआप ब्रेकवर गेला, इथे जातोच.
भिवा तांडेल, खांद्यावर गोणपाटात
होडीच्या इंजिनाचा पंखा, वाकलेला, दुरुस्तीचा.
आधी पंखा आत गेला, मग भिवा,
गुडघे हनुवटीला.
चार किलोमीटर काही बोलला नाही.
एकदाच, गतिरोधकावर खालून खर्रकन आवाज आला,
तेव्हा "होडी वाळूक लागली" म्हणाला.

उतरताना दार धरून आत वाकून बघितलं,
सीट, मधला दांडा, सीट.
"बरी हा. पण घोवाबायलेचा झगडा झाला,
तर समजावणारो खंय बसतलो?"

काल तक्ता आला.
रकान्यात आडवं लिहून बघितलं, बारीक लिहून बघितलं.
मावेना. मावलं असतं तरी
पुण्यात कुणाला विचारत फिरले असते,
घोव म्हणजे काय.
मागणी कमी, असं लिहिलं,
आणि सीटवरचा ग्रीसचा डाग
रॉकेलच्या फडक्याने पुसायला उठले.